झबलं घातलेलं मशीन

माझ्या कामाच्या बॅगेत नेलपॉलिशची बाटली कायम असते, आणि माझ्या नखांना ती कधीच लागलेली नाही. बिनरंगी, अगदी साधी. पेणच्या ज्या दुकानातून मी ती घेते, तिथल्या काकू दर वेळी माझ्या हातांकडे बघतात. "एवढ्या बाटल्या संपवतेस, लावतेस तरी कुठे?" मी म्हणते, "कामाला लागते." त्या हसतात. त्यांनी मनात काय जुळवलंय कोण जाणे. मी खुलासा करत नाही. खुलासे करायची मला सवय नाही.

खुलासा असा आहे. धरमतरच्या खाडीकडच्या घरांत हवा खारी असते. मी बसवते त्या यंत्राच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे सोल्डरचे टाके त्या हवेने हिरवे पडतात आणि सहा-आठ महिन्यांत यंत्र वेड्यासारखे आकडे सांगायला लागतं. पट्टीवर नेलपॉलिशचा पातळ हात फिरवला की ते पुष्कळ दिवस शहाणं राहतं. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही. एका घरचं यंत्र तिसऱ्यांदा उघडावं लागलं तेव्हा वैतागून सुचलं.

मी घरातली हवा मोजणारी यंत्रं बसवते, बिघडली की दुरुस्त करते, आणि आपल्याकडच्या घरांना ती मानवत नाहीत तेव्हा त्यांत फेरफार करते. पेणमध्ये आमचं दुकान आहे. मालकांना सगळे दादा म्हणतात. मूळ धंदा कॅमेरे आणि इन्व्हर्टरचा. हवेची यंत्रं नंतर आली. दादांचं म्हणणं असं, की कॅमेऱ्यात चोर दिसतो आणि आपल्या मशीनमध्ये घरचेच दिसतात, म्हणून कॅमेरा बसवून निघून यायचं आणि मशीन बसवून मात्र चहाला थांबायचं. चहाला थांबणं हा माझ्यासाठी कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. पण मी कमी बोलते, त्यामुळे लोक माझ्यासमोर जास्त बोलतात. ते कामाला उपयोगी पडतं.

यंत्र साधं आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं. एका भोकातून छोटा पंखा हवा आत ओढतो. आत लेझरचा एक किरण असतो. हवेतला बारीक कण किरणात आला की चमकतो, आणि समोर बसवलेला डोळा ती चमक मोजतो. बंद खोलीत कवडशात धूळ नाचताना दिसते ना, तेच. कण कमी तर हिरवा दिवा, वाढले तर पिवळा, फार वाढले तर लाल. आकडे मोबाइलवर जातात, तो मोबाइल रोह्यात असो की परदेशात.

यंत्रं बिघडतात ती मात्र आपल्या पद्धतीने. आतल्या उबेला पालीची पिल्लं राहायला येतात, म्हणून मी भोकावर चहाच्या गाळणीची जाळी कापून बसवते. पेणच्या एका आजींनी खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. मिक्सर, शिलाई मशीन, नातवाची स्कूटी आणि आमचं यंत्र. हळदकुंकू लावायला त्यांना समोर एक गोल भोक दिसलं. ती जागा त्याचसाठी ठेवली असणार असं त्यांना वाटलं. पंख्याने हळदकुंकू आत ओढलं, आणि दसऱ्याच्या दिवशी त्या घरातली हवा एखाद्या ज्वालामुखीच्या तोंडाशी असावी तशी झाली. मी ब्रशने कुंकू काढत बसले तेव्हा आजी शेजारी उभ्या होत्या. "म्हणजे यंत्राची पूजा करायची नाही?" "करा ना आजी. पण कपाळ मागच्या बाजूला आहे." त्यांना ते पटलं. पुढच्या वर्षीपासून यंत्राच्या पाठीवर कुंकू असतं आणि मला नारळ मिळतो.

हवा कशी आहे हे कळावं म्हणून कुणी यंत्र घेत नाही, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. लोक भांडण जिंकायला घेतात. सुनेला सासूच्या सुकटीच्या फोडणीविरुद्ध साक्षीदार हवा असतो, बायकोला नवऱ्याच्या सिगारेटविरुद्ध. रोह्यात एक निवृत्त साहेब आहेत. शेजारी गच्चीवर बोंबील वाळत घालतात म्हणून त्यांनी यंत्र घेतलं, आणि ते दिवसभर हिरवंगार. मला बोलावणं आलं.

"वास येतोय की नाही? तुम्हीच सांगा."

"येतोय सर."

"मग तुमच्या मशीनला येत नाही?"

"सर, त्याला नाक नाहीये. डोळा आहे."

साहेबांनी यंत्राकडे असं बघितलं, जणू ऐन कोर्टात साक्षीदार फुटला. "डोळ्याचं मी काय करू? बोंबील मलाही दिसतायत."

पण ज्या घराबद्दल लिहायला बसले ते मैमूनाखालाचं. निडी स्टेशनवरून रिक्षाने थोडं आत गेलं की भातखाचरांच्या कडेला एक वाडी आहे, तिथे. घर ऐसपैस, पुढे पडवी, मागे नारळ-सुपारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा इरफान मस्कतला. साऱ्या वाडीची ती खाला, म्हणजे मावशी, म्हणून माझीही खाला. एका थंडीत तिला दम लागून चार दिवस रोह्याच्या दवाखान्यात राहावं लागलं. इरफानला रजा मिळाली नाही. त्याने तिकडून आमच्या दुकानाशी बोलून यंत्र घेतलं आणि दादांनी ते नेऊन बसवलं. आकडे मस्कतला त्याच्या मोबाइलवर, लाल झालं की मोबाइल भोंग्यासारखा ओरडणार, अशी त्याने स्वतःच सोय करून घेतली होती.

पंधरा दिवसांनी त्याची तक्रार आली. मशीन मेलंय. आकडा सकाळी जो असतो तोच दुपारी, तोच संध्याकाळी. दादांनी मला पाठवलं.

खालाने दारातच मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू मशीनवाली? एवढीशी?"

मी मान हलवली.

"बोलत नाय काय गो?"

"बोलते."

"मग बोल की. ये, आत ये."

दिवाणखान्यात गेले आणि यंत्र कुठे दिसेना. टीव्ही दिसला, त्याला क्रोशाचं कव्हर. मिक्सरला कव्हर. फ्रिजच्या दांड्याला कव्हर. पाण्याच्या फिल्टरला झालर लावलेलं कव्हर. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. भिंतीवर फ्रिजच्या बाजूला एक पोपटी रंगाचं झबलं टांगलेलं होतं, कडेला पांढरी लेस, खाली दोन गोंडे. मी झबलं वर केलं. आत आमचं यंत्र.

"तुमच्या दादाने तसंच उघडं लावून टाकलेलं," खाला म्हणाली. "मीच विणलं. अस्तर पण लावलंय आतून."

"खाला, हे काढायला लागेल."

"का? धूळ बसंल ना त्याच्यावर!"

"खाला, ते धूळ मोजायलाच आहे."

तिने थोडा विचार केला. "पण म्हणून त्याच्या अंगावर बसू द्यायची?"

मी म्हटलं, त्याला श्वास घेऊ द्यावा लागतो, आत्ता त्याच्या नाकावर रुमाल बांधलाय. नाक नसलेल्या यंत्राला मी नाक दिलं, पण समोरच्या माणसाला पटेल ते बोलावं लागतं. खालाने झबलं काढून घडी घालून ठेवलं. मी पंखा साफ केला, घावन खाल्ले, आणि काम फत्ते झालं अशा समजुतीत पेणला परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मस्कतचा मोबाइल ओरडला. तिसऱ्या दिवशीही. रोज पहाटे खालाच्या घरातली हवा लाल होत होती आणि ऊन चढलं की हिरव्यावर येत होती. आपल्याकडे उजाडतं तेव्हा मस्कतला अजून अंधार असतो. इरफान रोज अंधारात दचकून उठत होता, आईला फोन लावत होता आणि आई सांगत होती, "मी मस्त हाय, तू नीज." आठवड्याभरात त्याने ठरवून टाकलं. पनवेलला मित्राचा दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने मिळत होता. पुढच्या रजेत येईन, घराला कुलूप लावीन, अम्मीला तिकडे नेऊन ठेवीन. हे घर तिला मारणार.

हे मला खालाकडूनच कळलं. तिने दुकानात फोन करून मला बोलावून घेतलं होतं. फोनवर येणं मी शक्यतो टाळते. "काय केलंस गो तू?" ती म्हणाली. "झबलं होतं तवर सगळं बरं होतं."

ते खरंच होतं. मी यंत्र दुरुस्त केलं नसतं तर तिचं घर हिरवं राहिलं असतं.

पुन्हा गेले तेव्हा टेबलावर घावन, नारळाचं दूध, उकडलेली अंडी आणि कसलीतरी वडी असा सरंजाम होता. मला कळलं की आज मला काहीतरी मागितलं जाणार आहे.

"त्या मशीनच्या आकड्याला खालती करायला येतं ना? तुझा दादा म्हणत होता, कंप्युटर लावून करतात."

दादांनी चहाला थांबून काय काय सांगून ठेवलं होतं! येतं खरं. यंत्राला लॅपटॉप जोडून एक गुणक बदलला की सगळे आकडे अर्धे दाखवता येतात. इतकं सोपं आहे की मला कधीकधी भीती वाटते.

"येतं," मी म्हटलं. "पण मग खोटं होईल."

"थोडंसं."

"खाला, तुम्हाला पुन्हा दम लागला आणि मशीन हिरवं असलं तर?"

ती मग वडीची ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाली, "खा. तरी खा." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "दहाव्या मजल्यावर मी काय करू गो? तिथून कोंबड्यांना हाक पण नाय ऐकू जाणार. इथे मी दारात उभी राह्यली की चार जणी इचारतात, खाला, कशी हायस. तिथे लिफ्टला इचारू?"

मी सांगितलं, आकडा बदलणार नाही, पण तो का लाल होतो ते शोधून काढीन. मी स्वतःहून कुणाला वचन देत नाही. हे दिलं, आणि लगेच काळजीत पडले.

"सकाळी उठल्यावर काय काय करता?"

"काय नाय. नमाज. चहा. कोंबड्या सोडते."

"चहा गॅसवर?"

"मग?"

"आंघोळीचं पाणी?"

"गिझर हाय ना. इरफानने बसवलाय, मोठा." हे सांगताना ती ताटली पुसत होती. ताटली स्वच्छच होती.

मी तेव्हा धुक्याच्या मागे लागले होते. थंडीत त्या बाजूला भाताची कापणी झालेल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरलेले असतात आणि पहाटे त्यांच्यावर धुकं असं बसतं की बांधावरचा माणूस कमरेपासून वरच दिसावा. आता यंत्राचा डोळा बिचारा चमक तेवढी ओळखतो. ती धुराच्या कणाची की धुक्याच्या थेंबाची, त्याला कळत नाही. ही यंत्रं जिथे बनतात तिथे कुणी पहाटे वालाच्या शेतात खिडक्या उघडून बसत नसणार.

उपाय म्हणजे हवा आत घेण्याआधी वाळवायची. फ्रिज दुरुस्तीत उरलेला तांब्याच्या नळीचा एक वीतभर तुकडा मी घेतला, त्याच्यावर गरम होणारी बारीक तार गुंडाळली, वर कापडी टेप. हवा त्या कोमट नळीतून गेली की थेंब उडून जातात आणि खरे कण तेवढे उरतात. दोन-तीनदा तार जास्त तापली आणि दुकानात जळका वास सुटला. दादा म्हणाले, "हे मशीन लाल करायला तूच पुरेशी आहेस." शेवटी जमलं. नळी लावलेलं एक यंत्र मी खालाकडे जुन्या यंत्राच्या शेजारी बसवलं. जुळी भावंडं, एकाने स्वेटर घातलेला.

"ह्याला झबलं चालतं वाटतं," खाला म्हणाली.

दुसऱ्या पहाटे मी पेणला बसून दोघांचे आकडे बघत होते. जुनं यंत्र नेहमीसारखं लाल झालं आणि स्वेटरवालं हिरवं राहिलं. मी एकटीच खोलीत हसले. आणि मग, उजाडल्यानंतर थोड्या वेळाने, स्वेटरवालंही चढायला लागलं. पिवळं झालं, लाल झालं, अर्धा तास लाल राहिलं आणि उतरलं. रोज. धुकं खोटं होतं, पण त्याच्या आड काहीतरी खरं होतं.

मी पहाटेची गाडी पकडली. निडीला उतरले तेव्हा स्टेशनच्या पाटीचा वरचा भागच दिसत होता. खालाच्या वाडीत शिरले आणि लांबूनच बघितलं, घराच्या मागच्या बाजूला न्हाणीच्या कौलांतून धूर येत होता. निवांत, जाड, निळसर धूर.

न्हाणी घराला लागूनच, मधे फक्त एक दार. दार उघडंच होतं. आत खाला चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणीने नारळाची सोडणं, म्हणजे वाळकी सालं, पेटवत होती. वर तांब्याचा हंडा. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. फुंकणी, सोडण, न्हाणी हे शब्द मला खालानेच शिकवले, पण ते पुढे. त्या सकाळी आम्ही दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिलो. मग खोकल्याची उबळ आली, तिला आणि मलाही.

भिंतीवर गिझर होता. मोठा, पांढरा. त्याला गुलाबी क्रोशाचं कव्हर होतं.

"इरफानला सांगू नको," खाला म्हणाली.

"मी नाही सांगत. पण आकडे जातातच त्याच्याकडे."

"त्याच्यात लिव्हलेलं असतं, खाला चूल लावते?"

"नाही. नुसतं लाल."

"मग धुकं म्हण."

"खाला, धुकं मी काढून टाकलं."

तिने फुंकणी खाली ठेवली. "तुला कोणी सांगितलेलं एवढं हुशार व्हायला?"

मला हसू आलं, आणि तिलाही. मग ती सांगायला लागली. गिझरच्या पाण्याला वास नाही, चव नाही, अंगावर घेतलं की नुसतं ओलं झाल्यासारखं वाटतं. चुलीवरचं पाणी अंगात जातं. तिची सासू तिला लग्नानंतर पहिल्या दिवशी याच हंड्यातलं पाणी काढून देत म्हणाली होती, आता ही न्हाणी तुझी. इरफानला इथेच न्हाऊ घातलं, त्याच्या बापाला शेवटची आंघोळ याच पाण्याने.

"आणि ह्या धुराने दम लागतो?" तिने अचानक विचारलं. सरळ माझ्याकडे बघून.

मला अशा वेळी गोल गोल बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. ती कला माझ्याकडे नाही. "लागतो, खाला. डॉक्टर मी नाही. पण त्या खोलीत रोज जेवढा धूर होतो, तेवढ्याने कुणालाही लागेल."

तिने हंड्याखालची दोन सोडणं बाहेर ओढली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. चर्र झालं. मला त्या चर्रचं अजून वाईट वाटतं. खरं सांगितलं याचं नाही. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, आणि शब्द तर त्याहून नव्हते. मी फक्त गिझरचं कव्हर काढून बटण कसं चालू करायचं ते दाखवलं.

जुनं यंत्र मी काढून नेलं, आणि दहा-बारा दिवस स्वेटरवाल्याचे आकडे सुंदर आले. पहाटेपासून हिरवे. इरफानने दादांना फोन करून माझं कौतुक केलं. खालाने मला फोन करून सांगितलं, "आंघोळ झाल्यासारखं नाय वाटत. दिवसभर कोणीतरी दुसरीच बाई घरात हाय असं वाटतं." आणि त्यानंतर एका सकाळी स्वेटरवालं यंत्र पुन्हा लाल झालं. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी झालं. चोरून गोड खाणाऱ्या माणसासारखं ते चाललं होतं. इरफानला मात्र त्यात एकच गोष्ट दिसली. हे घर सुधारत नाही.

त्याची रजा मंजूर झाली. तो येऊन पोचला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मला घरी बोलावलं. मशीनचा रिपोर्ट समजावून सांगा म्हणाला. खाला पडवीतच मला गाठून कुजबुजली, "फ्लॅटची चावी घेऊन आलाय खिशात. टेम्पोवाल्याशी बोलून झालं. तू काय ते बोल गो. निदान आज तरी बोल."

इरफान माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, शांत, नीटनेटका माणूस. मोबाइल टेबलावर ठेवून त्याने महिन्याभराचा आलेख माझ्यासमोर धरला. "मॅडम, मी इंजिनिअर नाही. मला एवढंच सांगा. दुपारी हिरवं, रात्री हिरवं, मग सकाळी हे काय? धुकं तर तुम्ही काढलंत."

"हो."

"मग हे घर राहण्यासारखं आहे की नाही?"

मला लोक मतं विचारत नाहीत, आणि मी देत नाही. खाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओढणीचं टोक हातात घट्ट धरलं होतं. मी घसा साफ केला.

"घर चांगलं आहे," मी म्हटलं. "न्हाणी वाईट आहे."

"न्हाणी?"

पुढचं दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं. इरफानने आईकडे बघितलं. आई कोंबड्यांकडे बघायला लागली. कोंबड्या त्या वेळी तिथे नव्हत्या.

तो उठून मागे गेला. न्हाणीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. खाला माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "भडकला," ती पुटपुटली. "बाप असाच भडकायचा. आधी गप्प, मंग ढग फुटल्यासारखा."

मीही तसंच काहीतरी ऐकायच्या तयारीत होते. न्हाणीतली भिंत काळी होती, हंडा अजून कोमट असणार, आणि गिझरला गुलाबी कव्हर पुन्हा चढलेलं असणार हे मला खालाच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

तो बराच वेळ आतच उभा होता. शेवटी आतूनच त्याची हाक आली. "अम्मी."

"व्हय."

"पाणी तापव."

खाला जागची हलली नाही. "गिझरचं?"

"गिझरचं मस्कतला रोज असतं. हंड्याचं."

मग मी जे बघितलं ते माझ्या कामात पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नाही. खाला वाऱ्यासारखी मागे गेली. सोडणं पेटली. मधल्या दारातून धुराची पहिली फळी दिवाणखान्यात आली, स्वेटरवाल्या यंत्रापाशी पोचली, आणि दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल झाला. टेबलावर ठेवलेला इरफानचा मोबाइल भोंग्यासारखा ओरडायला लागला. त्याने स्वतः, अंधारात उठून, आईच्या काळजीने लावलेला तो भोंगा. पडद्यावर लाल अक्षरांत येत होतं की घरातली हवा धोकादायक आहे, ताबडतोब लक्ष द्या.

ज्याने लक्ष द्यायचं तो माणूस न्हाणीत अंगावर तांब्या ओतत होता.

खाला डोळे पुसत बाहेर आली. धुराने असेल, मी विचारलं नाही. तिने मोबाइलकडे बोट केलं. "बघ, ह्याची बोंब सुरू झाली. गप कर गो ह्याला."

"माझा नाही ना तो, खाला."

"अम्मी!" आतून आवाज. "अजून एक बादली दे."

"मोबाइल ओरडतोय तुझा!"

"ओरडू दे!"

तो ओरडत राहिला. पलीकडच्या घरातली एक बाई कुंपणापाशी येऊन विचारून गेली की खाला, आग लागली काय. खालाने तिला सांगितलं, इरफान न्हातोय. तिने मान हलवली, जणू ते पुरेसं कारण होतं.

इरफान बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो खोकत होता. केस पुसत खुर्चीत बसला. पहिल्यांदाच मला तो रजेवर आलेल्या माणसासारखा दिसला.

"हा धूर तू रोज छातीत घेतेस," तो आईला म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "आणि मी तिकडे मशीनला शिव्या देतोय."

"तू बी घेतलास की आता."

"म्हणूनच सांगतोय. मिस्त्रीला बोलावतो. न्हाणीतली चूल बंद. मागे परसात सुपारीजवळ नवीन चूल, वर पत्रा, वर धुराडं. दार बंद ठेवायचं. दम लागला तर त्या दिवशी गिझर. हे कबूल असलं तरच."

"कबूल," खाला इतक्या पटकन म्हणाली की त्यालाही हसू आलं. मग ती ताटली पुसायला लागली. तशीच, स्वच्छ ताटली. "आणि फ्लॅट?"

इरफानने खिशातून चावी काढली, टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघितलं.

"दहाव्या मजल्यावर चूल कुठे लावणार, अम्मी?"

खाला माझ्यासाठी घावन आणायला आत गेली आणि आत बराच वेळ भांड्यांचा उगाच आवाज येत राहिला.

मोबाइल अजून वाजतच होता. इरफानने तो माझ्या हातात दिला. मला वाटलं, बंद करा म्हणणार.

"मॅडम, बंद नका करू," तो म्हणाला. "फक्त आवाज थोडा कमी करा."

मी आवाज कमी केला.